खड्डा क्रमांक सातचे खत

मंगळवार, १७ जुलै १९८४. सकाळी पावणेनऊच्या सुमारास बेलटोला येथील खुशाल तितीरमारेच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करताना बेबीबाई गभने यांच्या उजव्या पायात काच शिरली.

ती काच आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. धानाच्या चिखलात शिंपले असतात, गोगलगायींची कवचे असतात. रोवणीच्या दिवसांत पाय कापला नाही अशी बाई गावात सापडणार नाही. बेबीबाईंनी पाय वर घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटाखालून रक्त येत होते. त्यांनी मूठभर चिखल जखमेवर दाबला, लुगड्याची चिंधी फाडून बांधली आणि पाय परत पाण्यात ठेवला.

"शिंपी लागली वाटते," त्या म्हणाल्या.

"शिंपीवर कायले ढकलता, मावशी?" शेजारच्या पातीतून निर्मलाबाई म्हणाल्या. "पायच उचलत नाही आता तुमचा."

"तुह्या आधी माही पात पुरी होते का नाही ते पाह्य. मंग बोल."

बेबीबाईंची पात आधी पुरी झाली. बेलटोल्यात अकरा बायांची एक टोळी होती आणि तिच्या म्होरक्या त्या होत्या. वय शेहेचाळीस, नवरा वारलेला, घरी त्या आणि म्हातारी सासू. स्वतःची जमीन नव्हती. रोवणीचा दीड महिना आणि कापणीचा एक महिना, एवढ्यात वर्षाचे धान घरात यायचे. म्हणजे पाय चिखलात उभे राहिले तर सणापुरता नव्हे, रोजच्या जेवणाला भात.

रोवणी करणारी बाई मागे मागे सरकते. डोळे हातातल्या पऱ्ह्यावर म्हणजे रोपावर, आणि टाच मागच्या न दिसणाऱ्या चिखलात. बांधीत कोणी वहाण घालून उतरत नाही. चपला धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, काढायच्या, वाकून बांधीच्या पाण्याला हात लावायचा आणि मग उतरायचे. दुसरी रीत अशी की, एकदा रोवायला घेतलेली बांधी टोळी अर्धी टाकून जात नाही. अर्धी बांधी सोडणे हा मालकाचा आणि शेताचा, दोघांचा अपमान मानतात. या रीतीपायी बेबीबाई कापलेला पाय घेऊन आणखी पावणेतीन तास त्याच चिखलात उभ्या राहिल्या.

साडेअकराला निर्मलाबाईंच्या बोटाला काहीतरी टोचले. त्यांनी ते चिखलातून ओढून काढले, पाण्यात खळबळून धुतले आणि उन्हात धरले. इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी असते, तिची मान होती ती. मानेवर निळी रेघ. तुटलेली कड पात्यासारखी. दहा मिनिटांत आणखी दोन निघाल्या. मग एक बाई ओरडली. तिच्या तळहातात सुई रुतली होती. जुनी, बोथट झालेली, दवाखान्यातली सुई.

बेबीबाई बांधीबाहेर आल्या. त्यांच्यामागून सगळ्या बाहेर आल्या.

खुशाल पलीकडून धावत आला. चौतीस वर्षांचा माणूस, अडीच एकरांचा मालक, पऱ्हे उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या.

"काहून बाहेर आल्या वो? अर्धी बांधी सोडता का?"

"तूच उतर," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांनी काच त्याच्या हातावर ठेवली. "पाह्य, तुह्या बांधीत काय उगवून राहिलं. हे का धानाचं बी होय गा? कोनत्या दुकानातून आनलं?"

"माह्या घरी कोनी बिमार नाही. मी कायले असं टाकीन?"

"तूनं नाही टाकलं, आमी नाही टाकलं. मंग ढगातून पडलं बाप्पा."

एकदोघी हसल्या. बेबीबाईंनी पायाची चिंधी सोडली, जखमेत नख घातले आणि एक बारीक तुकडा काढून खुशालच्या हातावर पहिल्या तुकड्याशेजारी ठेवला. तोही निळ्या रेघेचाच होता. 

खुशालने दोन्ही तुकडे बोटाने उलटवून पाहिले. मग तो एकच शब्द बोलला.

"खत."

बेलटोल्यात प्रत्येक घराचा खताचा खड्डा गावाबाहेर आहे. शेण, राख, घरातला झाडलोटीचा कचरा, धानाचे तणस, सगळे त्यात जाते. काय जात नाही हेही ठरलेले आहे. फुटलेली बांगडी खड्ड्यात टाकायची नाही. ती फुटक्या मडक्यात साठवायची आणि बांगड्या भरायला येणाऱ्या कासाराला द्यायची. मोडका खिळा भिंतीच्या खाचेत. पाच वर्षांच्या पोरीलाही हे सांगावे लागत नाही, कारण खड्ड्यात जे जाते त्यावर पुढच्या पावसाळ्यात आपल्याच आईचा पाय पडणार असतो.

त्या वर्षी खुशालच्या चार बैलांपैकी दोन मेले होते. घरचे खत कमी पडले. मे महिन्यात त्याने नऊ मैलांवरच्या कोसमपूर नगरपालिकेच्या खत डेपोतून, खड्डा क्रमांक सातमधून, अकरा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, खत आणून वरच्या दोन बांध्यांत टाकले होते. नगरपालिका शहरातला घरांचा आणि दुकानांचा कचरा गोळा करते, डेपोच्या खड्ड्यांत मैल्याबरोबर थर देते, वर माती लोटते आणि सहा महिन्यांनी खड्ड्यांचा जाहीर लिलाव करते. शेतकरी त्याला सोनखत म्हणतात. खत काळेभोर होते, भुसभुशीत होते, त्याला वासही राहिला नव्हता. खुशालने त्यातली एक बंडी अर्ध्या गावाला दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी बेबीबाईंचा पाय घोट्यापर्यंत सुजला. त्या धुऱ्यावर बसून राहिल्या आणि बाकीच्या दहा जणींनी बांधीचे पाणी काढून दिले. मग गुडघ्यांवर बसून, हाताने चिखल चाचपत, त्या बांधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निवडत गेल्या. तांदूळ निवडतात तसा त्यांनी चिखल निवडला. त्यात दीड दिवस गेला. निर्मलाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी सुपात जमलेला माल मोजला आणि वहीच्या पानावर लिहिला. काचेचे तुकडे दोनशे चौदा. सुया अठरा. दाढीची पाती नऊ. विजेच्या दिव्याची एक पितळी टोपी, काचेसकट. ही एका बांधीतली मोजणी. दुसरीत कोणी उतरले नाही.

शुक्रवारी, २० जुलैला, खुशालने बंडी जुंपली. सुपातला सगळा ऐवज लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधला होता. बेबीबाईंना ताप होता. "तू घरी राह्य," सासू म्हणाली. "पाय माहा कापला, अन् सांगाले दुसऱ्यानं जाव का?" असे म्हणून त्या तणसावर पाय लांब करून बंडीत बसल्या. बरोबर निर्मलाबाई.

वाटेत डेपो लागतो. तिथला चौकीदार जागेश्वर याने गाठोडे उघडून पाहिले आणि परत बांधले. त्याला आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही.

"आधी एक बाई होती ना इथं, शकुनबाई," तो म्हणाला. "दाताळं घेऊन दिवसभर निवडे. काच एका टोपल्यात, लोखंड एका टोपल्यात. मंगच थर पडे. ब्याऐंशी साली तिले बंद केलं. तिच्या जागेवर कोनी देलंच नाही."

"तुमी सांगतलं नाही का वरती?" खुशालने विचारले.

"तीनदा. बाबूच्या हातानं अर्ज लिहून देला. साहेब म्हनत, कचरा सहा महिन्यांत सडते. आता काच बी सडत असन, मले काय मालूम? आमी कमी शिकलेले मानसं."

नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक वासुदेवराव यांनी तिघांना बसायला सांगितले. पाणी मागवले. ते नीटनेटके, सौम्य बोलणारे गृहस्थ होते. खुशालने गाठोडे टेबलावर सोडले तेव्हा त्यांनी फायली बाजूला घेतल्या.

"हे तुमच्या शेतात निघालं. त्याचा नगरपालिकेशी संबंध कसा?"

"खत तुमचं आहे, साहेब. खड्डा नंबर सात."

वासुदेवरावांनी लिलावाच्या अटींचा कागद काढला आणि अट क्रमांक नऊ वाचून दाखवली. खत जसे आहे आणि जेथे आहे तसे घेणाऱ्याने पाहून घ्यावे, नंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही.

"तुम्ही पाहून घेतलं होतं ना?"

"पाह्यलं, साहेब. वरून माती होती."

"मग?"

"माती चांगली होती," खुशाल म्हणाला.

कोपऱ्यातला कारकून हसला. बेबीबाईंनी पाय खुर्चीच्या दांडीवरून उचलून पुढे केला. चिंधी हिरवट झाली होती.

"साहेब, चिखलात आमाले दिसत नाही. आमी मागं मागं सरकतो. डोयानं पाहाची जागा तुमच्या खड्ड्यावर होती. तिथं तुमी बाई बसवली होती, मंग उठवली. काहून उठवली तेवढं सांगा."

"तो आस्थापनेचा विषय आहे. माझ्याकडे नाही."

"मंग तुमच्याकडं काय आहे?"

वासुदेवराव रागावले नाहीत. खत शेतात टाकण्याआधी चाळून घ्यायचे असते, असे त्यांनी समजावून सांगितले. अकरा बंड्या खत कोणत्या चाळणीने चाळायचे, हे खुशालने विचारले.  मग वासुदेवराव म्हणाले, आणि ते खरोखर मदत करण्याच्या सुरात म्हणाले, "तुम्ही बायका बूट घालून रोवणी का करत नाही? हल्ली रबरी बूट मिळतात."

"तुमी या न, साहेब, एक दिवस," निर्मलाबाई म्हणाल्या. "बूट घालूनच या. बूट आमी चिखलातून काढून देऊ. तुमाले कोन काढंन तेवढं ठरवून ठेवा."

कारकुनाने अर्जासाठी कोरा कागद पुढे सरकवला.

खुशालने लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली. गाठोड्याची पोच मागितली तेव्हा, वस्तू स्वीकारण्याची तरतूद नाही, असे सांगण्यात आले. "मंग आमी परत नेत नाही," बेबीबाई म्हणाल्या. "ज्याचं आहे त्याच्या टेबलावर राहू द्या." गाठोडे तिथे ठेवून तिघे बाहेर पडले.

त्यांची ही चूक नंतर पुन्हा पुन्हा काढण्यात आली. गावात एखाद्याच्या ढोराने पीक खाल्ले तर खाल्लेल्या धानाची मूठ मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवतात. मालक ती मूठ टाकू शकत नाही. निवाडा होईपर्यंत ती त्याच्या ओट्यावर राहते आणि येणारे-जाणारे पाहतात. बेलटोल्याची माणसे नगरपालिकेच्या टेबलाला ओटा समजली.

त्याच दुपारी कोसमपूरच्या एका खाजगी दवाखान्यात बेबीबाईंना धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले. कंपाउंडरने कुपीची मान बोटाने मोडली आणि टेबलाखालच्या डब्यात टाकली. बेबीबाई पाहत होत्या.

"हे कुठं जाते, बापा?"

"कचऱ्याच्या गाडीत, मावशी. घाबरू नका, रोज उचलतात."

सोमवारी, २३ जुलैला सकाळी, नगरपालिका कार्यालयाच्या कचऱ्याची गाडी डेपोवर आली. त्या आठवड्यात खड्डा क्रमांक चारचे थर पडत होते. गाडी उलटली तेव्हा कागद, उष्ट्या पत्रावळी आणि चहाच्या चोथ्यात जागेश्वरला लाल लुगड्याचे गाठोडे दिसले. तो खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तो पोचेपर्यंत मैल्याची गाडी वर रिकामी झाली होती. त्याने सायकलवरून बेलटोल्याला जाऊन हे सांगितले. त्याला तसे सांगण्याची गरज नव्हती आणि नोकरीच्या दृष्टीने ते शहाणपणाचेही नव्हते.

"तुमच्या बांधीतून निघालं अन् खड्ड्यात परत गेलं," तो म्हणाला. "आता दुसऱ्या कोनाच्या बांधीत निघंन."

खुशालने बैलाच्या दाव्याला हात घातला. तो निघाला तर कोसमपुरात जाऊन काय करील हे सगळ्यांना दिसत होते. बेबीबाईंनी खाटेवरूनच त्याला थांबवले. "मारून येशीन, मंग सगळे तुहंच नाव घेतीन. काचंचं नाव कोनी घेनार नाही. बस खाली."

बुधवारी त्यांचे बोट काळे पडले. नागपूरच्या दवाखान्यात, २७ जुलै रोजी, उजव्या पायाचे अंगठ्याशेजारचे बोट कापून काढण्यात आले. डॉक्टरांनी सहा महिने चिखलात पाय न घालण्यास सांगितले. "अन् खायचं काय?" असे बेबीबाईंनी विचारल्याचे निर्मलाबाई सांगतात. डॉक्टरांनी त्यावर पौष्टिक आहार लिहून दिला.

गावात रोवणी सुरूच होती. टोळीत आता दहा जणी होत्या. संध्याकाळी परत येताना त्या आपापल्या रोजीच्या धानातले मूठमूठ काढून बेबीबाईंच्या सासूच्या सुपात टाकत. कोणी बोलून ठरवले नव्हते. खुशालच्या वरच्या दोन बांध्यांत मात्र एकही बाई उतरली नाही. त्याचे पऱ्हे वय होऊन पिवळे पडू लागले तेव्हा त्याने जुड्या उचलून ज्याला कमी पडत होते त्याला देऊन टाकल्या. देताना तो प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होता: "तूनं यंदा खत कुठून आनलं?" चार जणांनी कोसमपूरचे नाव घेतले. त्यातल्या दोघांनी, आता त्या बांधीची रोवणी झाली, आमच्यात काही निघाले नाही, असे सांगून विषय संपवला. तिसऱ्याने आपल्या बायकोला त्या बांधीत निंदणीला पाठवणार नाही असे सांगितले. चौथा जुडी उचलून घरी गेला.

३१ जुलैच्या तारखेचे नगरपालिकेचे पत्र ४ ऑगस्टला आले. निर्मलाबाईंनी ते खाटेशेजारी बसून वाचले. संदर्भीय अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, खत डेपोची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली असून खड्ड्यांच्या पृष्ठभागावर काच अथवा तत्सम वस्तू आढळून आल्या नाहीत. तरी अर्जदार व बाधित व्यक्ती यांनी गुरुवार, १६ ऑगस्ट रोजी मूळ पुराव्यानिशी समक्ष हजर राहावे.

"पृष्ठभाग म्हन्जे?" बेबीबाईंनी विचारले.

"वरची माती."

"अन् मूळ पुरावा?"

निर्मलाबाईंनी पत्राची घडी घातली. "तो त्यायच्याच खड्ड्यात आहे, मावशी."

सुनावणी ठरल्या दिवशी साडेअकराला सुरू झाली. वासुदेवराव आणि एक कारकून. बेबीबाईंना खुशाल आणि निर्मलाबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवला. मोजणीचे वहीचे पान दाखवण्यात आले. ते अर्जदाराच्या बाजूच्या व्यक्तीने लिहिलेले असल्याचा शेरा पडला. मूळ वस्तू कुठे आहेत, असे विचारण्यात आले. वीस जुलैला याच टेबलावर ठेवल्या होत्या, असे खुशालने सांगितले. तशी नोंद आवक रजिस्टरात नाही, असे कारकुनाने सांगितले. वासुदेवराव रजिस्टराकडे पाहत होते. ते स्वतः त्या दिवशी याच खुर्चीत बसले होते. त्यांनी रजिस्टर मिटले.

जागेश्वर न बोलावता आला होता. गाठोडे खड्डा क्रमांक चारमध्ये पडताना आपण पाहिले, असे त्याने उभे राहून सांगितले.

"उघडून पाहिलं होतं का?" वासुदेवरावांनी विचारले.

"त्या दिवशी नाही. आधी पाह्यलं होतं, डेपोवर."

कारकुनाने लिहून घेतले: चौकीदार याने एक कापडी गाठोडे पाहिले, आतील वस्तू पाहिल्या नाहीत. जागेश्वरने ते वाचून दाखवण्याची विनंती केली. वाचून दाखवल्यावर, हे अर्धेच आहे, असे तो म्हणाला. त्याला बसायला सांगण्यात आले.

"मंग चार नंबरचा खड्डा खोदा," निर्मलाबाई म्हणाल्या. "आज खोदा. आमी उभे राहतो."

"खड्डा पूर्ण भरून बंद झालेला आहे. मधेच उघडला तर खत बिघडतं," वासुदेवराव म्हणाले.

"बिघडंन?" खुशाल उठून उभा राहिला. "अजून बिघडाचं काय बाकी आहे, साहेब?"

बेबीबाईंनी त्याचा सदरा ओढला. मग त्यांनी स्वतः सांगितले. नुकसानीचे काही बोलायचे नाही. बोट गेले ते गेले. दोन गोष्टी करा. शकुनबाईला किंवा दुसऱ्या कोणाला निवडायला बसवा, आणि चार नंबरचा खड्डा कोणाला विकू नका. "तो ज्याच्या शेतात जाईन, त्याच्या बाईचा पाय जाईन. तेवढं तुमाले मालूम आहे. आता मालूम नव्हतं असं म्हनता येनार नाही."

वासुदेवरावांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले. नेमणूक आणि लिलाव हे दोन्ही विषय या सुनावणीच्या कक्षेत येत नाहीत, असे त्यांनी सांगितले. सुनावणी तहकूब झाली. पुढची तारीख टपालाने कळवण्यात येणार होती. जागेश्वरला जिन्यातच, दुसऱ्या दिवसापासून कोंडवाड्यावर हजर होण्याचा आदेश हाती देण्यात आला. त्यावर तारीख आदल्या दिवसाची होती.

परत येताना बंडीत बेबीबाईंना पुन्हा ताप चढला. शुक्रवारी संध्याकाळी पट्टी बदलताना मधल्या बोटाचे टोक काळसर दिसले. निर्मलाबाईंनी कंदील जवळ धरून पुन्हा पाहिले आणि खुशालला हाक मारली. नागपूरची पहिली गाडी सकाळी सहाला आहे. पुढच्या तारखेचे पत्र अजून आलेले नाही.